ओकोंक्वोचा राग आणि आपला राग

नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. आफ्रिकेतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. आपल्याकडेही अनेक विद्यापीठांत ती इंग्रजीच्या अभ्यासक्रमाला असते आणि आपली मुले-मुली ती बी.ए., एम.ए.ला वाचतात. तिचा नायक ओकोंक्वो याच्याबद्दल वर्गात एक ठरलेले उत्तर लिहून दिले जाते. ओकोंक्वो शूर होता, कष्टाळू होता, पण रागीट आणि उतावळा होता, म्हणून त्याचा नाश झाला. धडा काय, तर रागावर ताबा ठेवा. या उत्तराला परीक्षेत गुण मिळतात.

आमचे म्हणणे असे आहे की हे उत्तर अपुरे आहे आणि आंबेडकरी तरुणांसाठी तर ते नुकसानीचे आहे.

नुकसानीचे का? तर “राग आवरा” हा उपदेश या देशात नेहमी एकाच बाजूला केला जातो. गावात वरातीवरून मारहाण झाली की शांतता समितीची बैठक बसते आणि समजूत मार खाल्लेल्यांची काढली जाते. ज्यांनी मारले त्यांना कोणी ‘संयम’ शिकवायला जात नाही. त्यामुळे कोणी साहित्याच्या नावाने पुन्हा तोच उपदेश करू लागला, तर आपल्या पोरांनी कान टवकारलेच पाहिजेत. पण म्हणून ओकोंक्वोच्या चुकांतून आपण काहीच शिकायचे नाही असेही नाही. शिकायचे भरपूर आहे. फक्त ते वर्गातल्या उत्तरापेक्षा वेगळे आहे.

आधी कथा थोडक्यात पाहू. उमुओफिया हे इग्बो लोकांचे गाव. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, इंग्रज आणि मिशनरी तिथे पोहोचण्याच्या सुमाराचा. ओकोंक्वोचा बाप उनोका बासरी वाजवणारा, हसतमुख, पण कर्जबाजारी माणूस. त्याने मुलासाठी ना जमीन ठेवली, ना धान्याचे कोठार, ना मान. ओकोंक्वो अठराव्या वर्षी नामांकित पैलवानाला चीतपट करून नाव कमावतो. बियाणे अर्धलीने उचलून यामच्या कंदाची शेती करतो. दुष्काळात पीक बुडते तरी तो मोडत नाही. स्वतःच्या हिमतीवर तो गावातला मोठा माणूस होतो. इथपर्यंत ही कथा आपल्याला जवळची वाटते. शून्यातून वर आलेला माणूस आपल्याला आवडतो, कारण आपल्या प्रत्येक घरात असा एक तरी माणूस आहे.

आता त्याच्या चुका ओळीने मांडून बघा. शांततेच्या आठवड्यात गावात कोणी कोणाला कठोर शब्दही बोलायचा नाही, असा दंडक असतो. त्या आठवड्यात धाकटी बायको वेळेवर स्वयंपाक करायला आली नाही म्हणून तो तिला मारतो. सणाच्या तोंडावर केळीची चार पाने तोडली म्हणून दुसऱ्या बायकोला मारतो, आणि ती काहीतरी पुटपुटली म्हणून तिच्यावर बंदूक झाडतो. नेम चुकतो म्हणून ती वाचते. इकेमेफुना हा शेजारच्या गावाकडून भरपाई म्हणून आलेला मुलगा. तीन वर्षे तो ओकोंक्वोच्या घरात वाढतो, त्याला बाप म्हणतो. देवीचा कौल त्याला मारण्याचा येतो. गावातला एक वडीलधारा मुद्दाम येऊन ओकोंक्वोला बजावतो की पोरगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मरणात तुझा हात नको. तरी तो जातो, आणि जखमी पोरगा बापाच्या आशेने त्याच्याकडे धावत येतो तेव्हा स्वतःच्या हाताने त्याच्यावर कोयता चालवतो. पुढे मोठा मुलगा न्वोये मिशनऱ्यांकडे जाऊ लागला हे कळताच तो त्याची मानगूट पकडतो. पोरगा घर सोडतो तो कायमचाच. आणि सर्वांत शेवटी इंग्रजी न्यायालयाचे शिपाई गावची सभा बंद पाडायला येतात, तेव्हा तो पुढे होऊन त्यांच्या म्होरक्याचे मुंडके उडवतो. सभा उठते, पण गाव उठत नाही. बाकीचे शिपाई निसटून जातात. ओकोंक्वो घरामागे जाऊन गळफास घेतो.

ही यादी नीट पाहिली की दोन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट. या सगळ्या वारांत वरच्या दिशेने गेलेला वार एकच आहे, शेवटचा. बाकी सगळे खाली गेलेले आहेत. बायका, पोर, पदरी आलेला परका मुलगा. ज्यांना उलट वार करता येत नाही, त्यांच्यावरच ओकोंक्वोचा राग आयुष्यभर निघाला. वर्गातले उत्तर म्हणते की तो ‘रागीट’ होता. आम्ही विचारतो की गावातल्या बड्या धेंडांसमोर, ज्यांच्याकडे तो बियाणे मागायला गेला त्यांच्यासमोर, तो रागीट होता का? नाही. तिथे तो रीतसर वागतो, मान देतो. म्हणजे राग आवरणे त्याला जमत होते. कुठे आवरायचा आणि कुठे सोडायचा याचा हिशोब त्याला नेमका ठाऊक होता. जो राग माणूस ओळखून बाहेर पडतो, त्याला उतावळेपणा म्हणणे ही पळवाट आहे. आपल्या वस्त्यांतही हे चित्र अनोळखी नाही. कारखान्यात मुकादमाचे, शेतावर मालकाचे, कचेरीत साहेबाचे सगळे मुकाट ऐकून घेणारा माणूस घरी आल्यावर भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावतो. बाहेर मिळालेला अपमान तो घरात वाटून टाकतो. चौकात ‘जय भीम’चा नारा द्यायचा आणि घरात बाईवर हात उचलायचा, हे एकाच माणसाच्या हातून होते तेव्हा त्याचा राग अन्यायाविरुद्ध आहे असे आम्ही मानत नाही. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत, एवढे तरी ध्यानात ठेवू.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या सगळ्या उतावळेपणाच्या मुळाशी राग नाही, भीती आहे. लहानपणी सवंगड्याने त्याच्या बापाला ‘बाई’ म्हणून हिणवले होते. ते त्याच्या मनातून कधी गेलेच नाही. आपण बापासारखे ठरू, लोक आपल्याला मऊ म्हणतील, या धास्तीने तो जगला. इकेमेफुनाला त्याने रागाने मारलेच नाही. बाकीच्या पुरुषांसमोर आपण दुबळे दिसू या भीतीने मारले. त्याचा मित्र ओबिएरिका त्याच मोहिमेला गेला नव्हता, घरी बसला होता. त्याला कोणी भेकड म्हटले नाही. म्हणजे नकार द्यायला जागा होती. ओकोंक्वोला ती दिसली नाही, कारण त्याची नजर स्वतःवर नव्हती, बघणाऱ्यांवर होती.

तरुण मित्रमैत्रिणींनो, इथे आपण थोडे थांबले पाहिजे. आज आपल्यातले किती निर्णय बघणाऱ्यांवर नजर ठेवून होतात? कोणीतरी महापुरुषांबद्दल घाणेरडी पोस्ट टाकतो. आपल्या ग्रुपवर मेसेज येतो की खरे भीमसैनिक असाल तर या. ‘खरे’ या शब्दातच सगळे गुंडाळलेले असते. न गेलो तर आपण खोटे ठरू. मग पोरे जातात. व्हिडिओ निघतो, तो स्टेटसला लागतो आणि तोच व्हिडिओ पुढे पोलिसांच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून जातो. ज्याने ‘या’ म्हणून मेसेज टाकला, तो त्या व्हिडिओत कुठेच नसतो. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो आणि अशी पोरे कोर्टाच्या तारखांना उभी असलेली बघतो. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर महाराष्ट्रभर आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. भीमा कोरेगावला हल्ला ज्यांच्यावर झाला, त्यांच्याच घरांतल्या पोरांवर खटले चालले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराच्या चारित्र्य पडताळणीत एक नोंद आली की त्याची चार वर्षांची धावपळ फुकट जाते. त्या पोराचा राग खोटा नव्हता. पण त्याला पेटवणाऱ्याने त्याच्यासाठी वकील पाहिला नव्हता, जामिनासाठी जामीनदार पाहिला नव्हता, आणि तारखेला त्याच्याबरोबर जायला कोणी नव्हते.

आता कादंबरीतल्या त्या गोष्टीकडे येऊ, जी वर्गात दोन ओळींत उरकली जाते आणि आपल्यासाठी मात्र सगळ्या कादंबरीचे मर्म आहे. इग्बो समाजात ‘ओसू’ नावाचे लोक होते. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस. देवाला वाहिलेला म्हणून त्याला मान असेल असे वाटेल, पण झाले उलटेच. ओसू आणि त्याची मुलेबाळे पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत. त्याने वेगळ्या जागी राहायचे. स्वतंत्र माणसाशी त्याचे लग्न होऊ शकत नाही. गावच्या सभेत त्याला बसता येत नाही. मानाच्या पदव्या त्याला मिळत नाहीत. त्याच्या डोक्याला वस्तरा लागू द्यायचा नाही, म्हणून जटा वाढलेल्या. मेल्यावर त्याचे प्रेत ओसाड, शापित जंगलात टाकायचे. हे वाचताना वेगळा देश वाचतो आहोत असे वाटते का? आपल्या आज्याने गावच्या न्हाव्याबद्दल काय सांगितले होते ते आठवा.

मिशनरी आले तेव्हा म्बांता गावात दोन ओसू चर्चच्या दारात येऊन उभे राहिले. आधी आलेल्या ख्रिस्ती लोकांनीच गोंधळ घातला की हे आत बसणार असतील तर आम्ही बाहेर जातो. धर्म बदलला तरी जात दारापर्यंत बरोबर आली होती. तिथला प्रमुख कियागा ठाम राहिला. त्याने ओसूंना आत घेतले आणि जटा कापायला सांगितले. ते घाबरले होते, आपण मरू असे त्यांना वाटत होते. केस गेले आणि ते मेले नाहीत. त्यानंतर त्या गावातले जवळजवळ सगळे ओसू एकामागून एक तिकडे गेले. जुळी मुले अपशकुनी म्हणून रानात फेकली जात. अशी चार वेळची जुळी जिच्या पोटची फेकली गेली होती, ती गरोदर बाईही गेली. ओकोंक्वोचा मुलगा न्वोये गेला, कारण रानात रडणारी जुळी आणि मारला गेलेला इकेमेफुना या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला बापाच्या धर्मात मिळत नव्हती.

आता ओकोंक्वोच्या शेवटच्या चुकीकडे पुन्हा पाहा. त्याने शिपायाला मारले तेव्हा त्याची अपेक्षा होती की सगळे गाव त्याच्यामागे उठेल. गाव का उठले नाही? ‘लोक भेकड निघाले’ हे ओकोंक्वोचे उत्तर. आमचे उत्तर वेगळे आहे. ज्या गावाने आपल्यातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर फेकले, त्या गावाला ऐन वेळी ‘आपण सगळे एक’ असे म्हणता येत नाही. ओसू कुणाच्या बाजूने उभे राहणार होते? जुळ्यांची आई कुणाच्या बाजूने? न्वोये कुणाच्या बाजूने? गोरा माणूस यायच्या आधीच त्या गावात भेग होती आणि तो त्या भेगेतून आत आला. इंग्रज आपल्या भल्यासाठी आला असे म्हणण्याइतके आपण भोळे नाही. त्याची सत्ता लुटारू होती, आणि न्यायाच्या नावाने बोलावून सहा वडीलधाऱ्यांना दगाबाजीने बेड्या घालणारा त्याचा जिल्हाधिकारी अचेबेंनी याच कादंबरीत उभा केला आहे. पण भेग त्याने पाडली नव्हती. आपल्याकडेही हाच वाद घातला जातो, की इंग्रजांनी फूट पाडली. महाडच्या तळ्यावर पहारा इंग्रजांनी बसवला नव्हता.

इथून एक अवघड प्रश्न आपल्याकडेच वळतो. हाक दिली की सगळा समाज उठेल, असे आपण गृहीत धरतो तेव्हा आपण कोणाला आधी दाराबाहेर ठेवले आहे? मातंग, चर्मकार, वाल्मीकी, भटके-विमुक्त हे आपल्या जयंतीच्या मंचावर किती असतात? आपल्यातच पोटजात पाहून सोयरीक ठरते ती कशासाठी? विहाराच्या कमिटीत किती बायका आहेत, आणि ज्या आहेत त्यांचे काम खीर करण्यापुरतेच आहे का? हे प्रश्न शांततेच्या काळात सोडवायचे असतात. शिपाई सभेत येऊन उभा राहिल्यावर ते सुटत नाहीत.

अचेबेंनी हा धागा पुढे ओढला आहे. ‘नो लाँगर ॲट ईझ’ ही त्यांची १९६० सालची कादंबरी ओकोंक्वोच्या नातवाची, म्हणजे न्वोयेच्या मुलाची आहे. ओबी त्याचे नाव. गावच्या संघाने वर्गणी काढून कर्जाऊ दिलेल्या पैशावर तो इंग्लंडला शिकून येतो, सरकारी नोकरीत लागतो आणि क्लारा नावाच्या मुलीवर प्रेम करतो. क्लारा ओसू आहे. विरोध कोण करते? ज्याने ओसूंसोबत एकाच चर्चमध्ये प्रार्थना केली तो न्वोये, आता आयझॅक नावाचा म्हातारा धर्मसेवक. धर्म बदलून एक पिढी उलटली, पण पोराच्या लग्नाच्या वेळी जात घरातून बाहेर आली. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच १९५६ साली पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने ओसू प्रथा कायद्याने रद्द केली. तरी लग्नाच्या बाबतीत ती पुढेही टिकून राहिली. कायदा आणि मन यांतले अंतर आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

ओबीचीही एक उतावळी चूक आहे, आणि आपल्यातल्या शिकलेल्यांनी ती जपून वाचावी. कर्जफेडीला सवलत मागायला तो संघाच्या बैठकीला जातो. सवलत मिळतेही. पण अध्यक्ष बोलता बोलता क्लाराच्या जातीचा विषय काढतो. ओबी भडकतो, सवलत तिथल्या तिथे परत करतो, याच महिन्यापासून पैसे फेडतो म्हणतो आणि निघून जातो. त्याचा राग शंभर टक्के योग्य होता. पण त्या रागाची किंमत त्याने एकट्याच्या पगारातून चुकवायचे ठरवले. पुढे पैशाची तंगी वाढते. घरच्यांच्या विरोधापुढे तो क्लाराच्या बाजूनेही धड उभा राहत नाही. शेवटी तो लाच घेतो आणि पकडला जातो. ज्या मुद्द्यासाठी तो बैठकीतून उठला होता तो मुद्दाही गेला आणि क्लाराही गेली. त्याने काय करायला हवे होते? सवलत घ्यायची, खुर्चीवर बसून राहायचे आणि त्याच बैठकीत विचारायचे की ओसू असणे हा गुन्हा कोणत्या कायद्यात लिहिला आहे. उठून जाणे सोपे असते. बसून विचारणे अवघड असते, पण त्याने समोरच्याची अडचण होते.

आपल्या बाजूच्या माणसाचीही एक चूक पहिल्या कादंबरीत आहे. एनॉक हा नवा ख्रिस्ती. श्रद्धेपेक्षा त्याचा आवेश मोठा. पूर्वजांचे मुखवटे घालून निघालेल्या मिरवणुकीत तो एका मुखवटाधाऱ्याचा मुखवटा सर्वांसमोर ओढून काढतो. गाव खवळते, चर्च उद्ध्वस्त होते, त्यातून सहा जणांची अटक, त्यातून शिपायाचा खून. आधीच्या ब्राऊन नावाच्या पाद्रीने शाळा आणि दवाखाना काढून जे वर्षानुवर्षे जमवले होते, ते एनॉकच्या एका झटक्याने मोडले. एनॉकची भूमिका चूक होती असे नाही. मुखवट्यामागे माणूसच असतो, हे खरेच आहे. पण आपल्या घरातले देव काढणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात हात घालणे वेगळे. बावीस प्रतिज्ञा आपण स्वतः घ्यायच्या असतात. त्या दुसऱ्याच्या अंगावर फेकायच्या नसतात.

यावर आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, मग काय मार खात बसायचे? तुमचे समाजकार्य आम्हाला गप्प बसायला शिकवते का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. त्या गर्दीत पलटणीतून निवृत्त झालेले लोक होते, लढाई पाहिलेले लोक. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्याऐवजी तक्रारी झाल्या, खटले उभे राहिले आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. डिसेंबरात पुन्हा हजारो लोक सत्याग्रहाला जमले. विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. लोक तुरुंगात जायला तयार होते. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, म्हणजे वैचारिक बाजूने कसलीही तडजोड झाली नाही. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र तहकूब झाला, आणि लोकांनी शहरातून मिरवणूक काढली. न्यायालयात लढा चालू राहिला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांना कोणी भेकडपणा म्हणेल का?

त्याहून मोठे उदाहरण धर्मांतराचे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा झाली. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षे गेली. घोषणा रागातून आली होती, यात शंका नाही. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची पाच वर्षे तिच्यामागे होती. पण रागाने फक्त दिशा सांगितली. वाट अभ्यासाने ठरवली. बाबासाहेब दुसऱ्याच दिवशी कुठल्याही धर्मात गेले असते, तर आज आपण कोण असतो? ओकोंक्वोचा राग एका क्षणात सुरू होतो आणि त्याच क्षणात संपतो. बाबासाहेबांचा राग एकवीस वर्षे टिकला. आम्ही तरुणांना राग सोडा असे म्हणत नाही. राग टिकवा असे म्हणतो.

टिकवायचा कसा, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेखसुद्धा शांतता समितीचा उपदेश ठरेल. गावात अत्याचार झाला तर पहिल्या तासात काय करायचे हे आधीपासून ठरलेले असावे. जखमींना सरकारी दवाखान्यात नेऊन वैद्यकीय नोंद करून घ्यायची. फिर्याद अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा, १९८९ च्या कलमांसह नोंदवायची. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८-अ स्पष्ट सांगते, म्हणून “आधी चौकशी करतो” हे ठाणे अंमलदाराचे उत्तर ऐकून परत फिरायचे नाही. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नसावा आणि आरोपपत्र साठ दिवसांत जावे, असे नियम आहेत. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरावर कलम ४ लागू शकते. पीडित आणि साक्षीदारांचे हक्क कलम १५-अ मध्ये आहेत. हे सगळे पाठ असलेली दोन मुले आणि दोन मुली प्रत्येक वस्तीत हव्यात.

आणि नेमक्या याच तासात आपल्यातल्या कोणी ओकोंक्वो होऊन दगड उचलला तर काय होते, ते आम्ही वारंवार पाहिले आहे. समोरची बाजू दरोड्याचा, विनयभंगाचा उलटा गुन्हा दाखल करते. मग दोन्हीकडचे जेलमध्ये, दोन्हीकडे वकील, आणि सहा महिन्यांनी सरपंच मध्यस्थी करतो की तुम्ही तुमची केस मागे घ्या, आम्ही आमची घेतो. ज्या बाईवर हात टाकला गेला तिची फिर्याद एका दगडाच्या बदल्यात विकली जाते. आपल्या पोराचा दगड आरोपीला लागतच नाही, तो आपल्याच बहिणीच्या फिर्यादीला लागतो.

शेवटी ओकोंक्वोच्या मरणाबद्दल. त्याच्या समाजात आत्महत्या हा भूमीचा अपराध मानला जाई. त्याच्या प्रेताला त्याच्या माणसांना हात लावता आला नाही. परक्या शिपायांनी ते खाली उतरवले. गोरा जिल्हाधिकारी हे सगळे पाहत असतो. या भागातल्या लोकांना आपण कसे ‘शांत’ केले यावर तो पुस्तक लिहिणार असतो, आणि त्याच्या मनात येते की या माणसावर एखादा परिच्छेद लिहिता येईल. एवढ्या मोठ्या आयुष्याचा एक परिच्छेद, तोही शत्रूच्या पुस्तकात. अचेबेंनी उरलेली सगळी कादंबरी लिहून त्या परिच्छेदाला उत्तर दिले. ओकोंक्वोला स्वतःला मात्र ते देता आले नाही, कारण तो उरला नव्हता.

विद्यापीठांत, वसतिगृहांत, नोकरीच्या ठिकाणी अपमान सोसणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही हेच कळकळीने सांगतो. तुमच्या मनात तो काळा विचार आला तर एकटे राहू नका. मित्राला, शिक्षकाला, विहारातल्या ताईला, कार्यकर्त्याला त्या रात्रीच फोन करा, मदत मागा. मदत मागणे दुबळेपणा आहे हे ओकोंक्वोचे मत होते आणि त्याच मताने त्याचा घात केला. आपण गेलो की आपली गोष्ट तेच लिहितात, ज्यांनी आपल्याला तिथवर ढकलले. आपण राहिलो, तर आपण लिहितो.

म्हणून परीक्षेत ओकोंक्वोवर प्रश्न आला, तर हे उत्तर लिहून बघा. गुण किती मिळतील ते सांगता येत नाही. पण रागावर ताबा ठेवा एवढेच लिहून थांबू नका. राग कोणावर निघाला, कोणाला दाखवायला निघाला, त्याच्यामागे कोण उभे होते आणि कोणाला आधीच बाहेर काढले होते, हे चार प्रश्न विचारा. कादंबरीच्या नायकाला विचारून झाले, की मग तेच प्रश्न पुढच्या रविवारी आपल्या विहाराच्या बैठकीत विचारा.

जय भीम!